खाट फिरवली तेव्हा

१

पिण्याचं पाणी मी घरून आणत असे. स्टीलची बाटली, उकळून गार केलेलं पाणी, तोंडाला रुमाल बांधलेला. दवाखान्यातली हौसामावशी रोज टोमणा मारायची, "आमचे पान्यान इंचू हायत काय, डाक्टर?" मी हसून सोडून देई. ज्याने एकतीस वर्षं मुंबईच्या मुलांना विषशास्त्र शिकवलं, त्याला एवढा भित्रेपणा माफ असावा, अशी मी माझी समजूत घातली होती. आता ती घालता येत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

निवृत्तीनंतर मी भिवंडीत धामणकर नाक्यामागच्या गल्लीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात बसू लागलो. एक लांब वॉर्ड, बारा खाटा, सहा-सहाच्या दोन समोरासमोर रांगा. टोकाला दार, दाराबाहेर अंधारी पडवी. तिन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. त्यांची खटखट इतकी सतत चालू असे की ती ऐकू येईनाशी व्हायची. ऐकू यायचं ते तिचं थांबणं. २००६च्या त्या मे महिन्यात बारा ते तीन वीज जाई. बाराच्या ठोक्याला सगळं शहर एकदम गप्प होई, आणि आपल्याच कानात काहीतरी तुटल्यासारखं वाटे.

त्याच महिन्यात नळ आटला. टँकरचं पाणी साठवायला आमचे विश्वस्त केसरीनाथशेठ यांनी एक मोठं निळं पिंप धाडलं. जवळच्या पूर्णा गावात त्यांच्या भातखाचरांवर आता गोदामं उभी आहेत. त्यांनी मला फोनवर विचारलं, "रसायनाचा रिकामा पिंप हाय, डॉक्टर. चालंल ना?"

मी म्हणालो, "सोड्याने तीनदा धुवा. मग चालेल."

हौसाने माझ्यासमोर तीनदा धुतलं. मी वास घेतला. पिंप पडवीत ठेवलं.

२

मंगळवारी दुपारी टेम्पोतून सहा माणसं आली. पूर्ण्याच्या पुढच्या गावात बाळाराम नावाच्या माणसाच्या मुलीची, भाविकाची, हळद होती. सरबत पिऊन अर्ध्या तासात लोक पडू लागले. बाळारामची बायको कमळ, त्याचे पंढरीमामा आणि चार नातलग. तोंडातून फेस, डोळ्यांतून पाणी, कपडे घामाने भिजलेले, छातीत घरघर. मी पापण्या उघडून पाहिल्या. बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या. श्वासाला लसणासारखा, मागे रॉकेलसारखा वास.

अर्ध्या मिनिटात मला कळलं. कीटकनाशक.

"आधी कपडे काढा," मी ओरडलो. "सगळ्यांचे. साबणाने अंग धुवा. हातमोज्याशिवाय कोणी शिवायचं नाही, नाहीतर तुम्ही सातवे व्हाल."

आमचा तरुण डॉक्टर तनवीर इथलाच, भिवंडीच्या जुन्या कोकणी मुसलमान घरातला. तो एका शब्दाने न विचारता कामाला लागला. दर पाच मिनिटांनी छाती ऐकायची, उतारा म्हणून ॲट्रोपिन द्यायचं, छाती कोरडी होईपर्यंत देत राहायचं. मला आनंद झाला होता, हे लिहायला लाज वाटते. सत्तरीनंतर कोणीतरी माझ्यासाठीच प्रश्नपत्रिका काढली होती.

"पिंप कुठलं?" मी बाळारामला विचारलं.

"गोदामातला. गावान समदे तेच आनतान, साहेब. लगनाला पानी कशान भरनार?"

"त्यावर चिठ्ठी नव्हती? कवटीचं चित्र?"

तो खाली बघू लागला. "व्हतं कायतरी. त्या जागी सातियो काढाचा व्हता ना. पान्याची पूजा असते हलदीला. मामानी पातीनं खरवडला."

कवटी खरवडून त्या जागी हळदीचा स्वस्तिक. मी त्याला फार बोललो. अडाणी म्हणालो. कमळ शुद्धीत नव्हती, पण बाळारामची म्हातारी आई दारात उभी राहून ऐकत होती. अडाणी कोण होतं, ते मला तीन दिवसांनी कळायचं होतं.

३

बुधवारी सगळे सुधारले. छाती कोरडी, बाहुल्या मोठ्या, नाडी जोरात. आणि सगळे बडबडू लागले. ॲट्रोपिन भरपूर झालं की असं होतं. तोंडाला कोरड पडते, चेहरा लाल होतो, माणूस नसलेलं बघतो आणि हवेतून काहीतरी वेचत बसतो. मी हे फळ्यावर कित्येकदा लिहिलं आहे.

"पाणी पाजत राहा," मी हौसाला सांगितलं. "मागतील तेवढं द्या."

ती जग भरभरून आणत राहिली.

वेचण्याची तऱ्हा मात्र सगळ्यांची एकच होती. अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेतलं बारीक काहीतरी धरायचं, हळूच आपल्याकडे ओढायचं, दुसऱ्या हाताने टोक जुळवून पीळ द्यायचा आणि सोडायचं. पुन्हा धरायचं.

तनवीर कमळच्या खाटेपाशी थांबला. "सर, ही तार सांधतेय. लूमवर तार तुटली की अब्बा अश्शीच जोडायचे. हुबेहूब. ही कधी लूमवर होती का?"

"लूमवर?" बाळाराम म्हणाला. "तिनं लूमचं तोंड न्हाय बघलं. ह्यो जाल्याचा फास हाय. मामा खाडीवर जाला सांधतान, तसा."

मला मात्र तो टाका वाटला होता. विद्यार्थी असताना उशीवर घातलेला माझा पहिला टाका.

ज्याला जे माहीत, त्याला ते दिसतं, असा निष्कर्ष काढून मी जेवायला बसलो. चांगला निष्कर्ष होता.

४

गुरुवारी सकाळी कमळ उठून बसली. तिला सगळं आठवत होतं.

"पोरीचं लगन?" तिने पहिलं हेच विचारलं.

"पुढं ढकललाय," बाळाराम म्हणाला. "रविवारी. तू उठल्याबिगर न्हाय लागत."

"मंग मना घरा ने. हितं पडून काय करू? मानसं काय बोलतील, आईस दवाखान्यात लोलतेय."

"तुमचं दुसरं लग्न आहे का?" तनवीर म्हणाला. "तिचं आहे ना? मग झोपा."

ती हसली. मी ॲट्रोपिन कमी केलं आणि तिला शब्द दिला, शनिवारी घरी सोडतो. बायका-पोरांना दिलेले शब्द डॉक्टर विसरतात. मी विसरत नाही. तो माझा दुसरा भित्रेपणा आहे.

बारा वाजले. लूम थांबले. त्या शांततेत मी माझ्या टेबलाशी नोंदी करत होतो, आणि कपड्याची सळसळ ऐकू आली म्हणून मान वर केली.

सहाही जणांचे हात वर गेले होते. एकाच वेळी. डोळे मिटलेले, हात वर. धरलं, ओढलं, जुळवलं, सोडलं. एकाने सोडलं की पलीकडच्याने धरलं. वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी उठून कमळची पापणी उघडली. बाहुली मोहरीएवढी. कपाळ ओलं. ओठाच्या कडेला लाळ.

ॲट्रोपिनने माणूस हवेतून वेचतो तेव्हा बाहुली मोठी असते आणि कातडी कोरडी. इथे ॲट्रोपिन उतरलं होतं. विष परत आलं होतं. आणि हात चालूच होते. या दोन गोष्टी एका शरीरात एकत्र असत नाहीत. माझ्या पुस्तकात मी तसं छापलेलं आहे.

५

शुक्रवारी पहाटे पंढरीमामा गेले. छातीत पाणी भरलं आणि आमच्या जुन्या यंत्राला ते उपसवेना. हात शेवटपर्यंत चालू होते. हौसाने ते छातीवर जुळवले तेव्हा बोटं सुटेनात. अंगठा आणि तर्जनी चिकटलेली राहिली.

कमळच्या छातीतही घरघर वाढत होती. तिला लावायला दुसरं यंत्र नव्हतं. मुंबईला फोन केले. खाट नव्हती.

तनवीर मला पडवीत घेऊन गेला. पिंपाला टेकून उभा राहिला. "सर, हे परत कसं आलं?"

"चरबीत साठलेलं विष तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्तात उतरतं. वाचलं नाहीस?"

"वाचलंय. तुमच्याच पुस्तकात. लेकिन सर, सहाच्या सहा? एकाच दुपारी? बारीक माणूस, जाडा माणूस, सगळ्यांची चरबी एकाच वेळी उतरली?"

"पुस्तक मी लिहिलंय की तू?"

तो आत जाऊन पुढची छाती ऐकू लागला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. आज मला त्याचा राग येतो, की तू मला तिथेच का नाही हलवलंस. आणि मग त्या रागाचीच शरम वाटते.

पुस्तकात परत येण्याला नाव होतं. नाव असलं की माणूस शोधायचं थांबतो. त्याआधीच्या पंधरवड्यात वॉर्डातल्या चार जणांना उलट्या झाल्या होत्या. त्यांच्या कागदांवरही मी नाव लिहिलं होतं: ऊन.

६

शुक्रवारी बारा वाजता मी खुर्ची घेऊन वॉर्डाच्या मधोमध बसलो. मनाशी म्हटलं, म्हाताऱ्या, तुला भ्रम होत असेल तर तो नीट मोजून घे.

लूम थांबले. हात वर गेले.

उत्तरेच्या भिंतीला डोकं असलेले तिघे डावीकडून ओढत होते. समोरच्या रांगेत कमळ आणि दुसरा एक, उजवीकडून. मी दोनदा तपासलं. मग लक्षात आलं की एका रांगेची डावी बाजू आणि दुसऱ्या रांगेची उजवी बाजू एकच होती. दाराची बाजू.

"बाळाराम, ही खाट फिरवू. खिडकीचा वारा तोंडावर येऊ दे."

ते खोटं होतं. वारा नव्हताच. तनवीर, बाळाराम आणि मी, आम्ही तिघांनी खाट उचलून उलटी केली. डोकं होतं तिथे पाय आले. कमळचे डोळे मिटलेले होते. खाट फिरत असताना तिचा उजवा हात हवेत थांबला, चाचपडला, खाली आला. मग डावा हात वर झाला. त्याने दाराच्या बाजूने नेमकं, न चाचपता, धरलं.

बाळारामने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, ती कोनाकडून घेतेय?"

मी पुढे झालो. तिच्या बोटांच्या उंचीवर माझा हात धरला आणि दाराकडे चालू लागलो. मूर्खासारखा, हवेत हात धरून. खाटा मागे पडल्या. दार ओलांडलं. पडवीत सहा पावलं. माझा हात प्लॅस्टिकला लागला.

पिंपाचं झाकण उघडं होतं. पलीकडे हौसा जग बुडवत होती. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "आठ दिस झालं, डाक्टर, डोकं उठलंय. ऊन बाधलं वाटतं."

पडवी अंधारी होती. अंधारात बाहुली मोठी व्हायला हवी. मी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोहरीचे दोन दाणे होते.

मी पिंपावर वाकलो. आता, चार दिवस तो वास नाकात घेऊन बसल्यावर, मला तो आला. पुसट, लसणीचा. सोड्याने ही विषं मोडतात, हे खरं आहे. पण प्लॅस्टिकच्या भिंतीत मुरलेलं विष सोड्याला सापडत नाही आणि पाण्यात मात्र थेंबाथेंबाने उतरत राहतं, हेही मीच शिकवलं होतं. ज्यांच्या शरीराची ताकद पहिल्या विषाने संपवली आहे त्यांना तो थेंब पुरतो. औषधाने त्यांची तोंडं मी कोरडी केली आणि मग पाणी पाजा म्हणालो.

वाकलेला असतानाच माझ्या उजव्या अंगठ्याला आणि तर्जनीला काहीतरी लागलं. बारीक, ओलं. पिंपाच्या आतून कोणीतरी ते हलकेच ओढून पाहिलं. मासा लागलाय का हे बघायला गळ ओढतात, तसं.

मी हात झटकला. त्या पाण्याचा थेंबही माझ्या पोटात गेलेला नव्हता, आणि मला कोणी ॲट्रोपिन दिलं नव्हतं. हे मी इथे मुद्दाम लिहितो.

७

पाणी बदललं. ॲट्रोपिन पुन्हा चढवलं. शनिवारी रात्रीपर्यंत कमळची छाती मोकळी झाली. उरलेले चौघेही वाचले. हौसाला दोन दिवस सलाइन लागलं, ती म्हणाली, "तुमचे बाटलीतला पानी मना द्याचा व्हता, डाक्टर." ती थट्टा करत होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

केसरीनाथशेठ शनिवारी दुपारीच आले. पांढरे कपडे, हातात मिठाईचा पुडा.

"बाई जगली ना?" ते म्हणाले. "मंग झालं. पंढरी हलदीच्या सरबतानंच गेला. तुम्ही पयलं तेच लिवलाव ना?"

"तो इथल्या पाण्याने गेला."

"थोडं तिथला, थोडं हितला. मिसळलेलं विष तुम्ही येगलं करून दावनार हाव काय? दवाखाना बंद झाला तं गरिबानं जावाचं कुठं?" मग अगदी मायेने, "आनि डॉक्टर, पिंप चालंल असं कोन बोल्लेलं?"

तो लबाड माणूस होता आणि त्याचं प्रत्येक वाक्य खरं होतं. पंढरीमामांच्या मृत्यूच्या दाखल्यावर मी लिहिलं: घरगुती समारंभातील विषबाधा. सही केली. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आलो की विष शोधायचं तर आधी भांडं धरून ठेवा. आणि मी पिंपाला भोकही पाडलं नाही. संध्याकाळी पडवीत गेलो तर तिथे ओला गोल तेवढा उरला होता.

"शेठचा डायवर घेऊन गेला," हौसा खाटेवरून म्हणाली. "चांगला पिंप व्हता. कोन टाकतंय?"

"कुठे नेलं?"

"मना काय ठाव?"

मी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

८

भाविकाचं लग्न आणखी आठवडाभर लांबलं, पण झालं. दोन दिवसांनी, मंगळवारी, कमळ तपासणीला आली. नवी साडी, डोळे स्वच्छ, बाहुल्या बरोबर. लग्नातले लाडू तिने माझ्यापुढे ठेवले. मी रक्तदाब घेतला. सगळं ठीक होतं. मला तिच्याकडे बघून बरं वाटत होतं, आणि बरं वाटण्याचा मला काय हक्क, असंही वाटत होतं.

बारा वाजले. लूम थांबले.

तिचा हात वर गेला. डोळे उघडे होते, ती माझ्याशीच बोलत होती, आणि हात आपणहून वर गेला. पडवीकडे नाही. पडवी तिच्या उजवीकडे होती. हात डावीकडे गेला, खिडकीकडे. त्या खिडकीतून वाडा गावाकडे, अंबाडी गावावरून जाणारा रस्ता दिसतो.

"कमळबाई," मी म्हणालो, "तिकडे काय आहे?"

"अंबाडी," ती म्हणाली. "शेठचे भाच्याचं लगन हाय. उद्या हलद." हे तिला कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. तिने अंगठा-तर्जनी माझ्यासमोर आणली. "धरा, डाक्टर. मना घरा जावाचं हाय. रोज दुपारी कवर धरून बसू?"

मी मागे सरकलो. "त्या टोकाला कोण आहे?"

ती चिडली. चार दिवस मरत होती तेव्हाही ती चिडली नव्हती. "तुम्ही लिवलाव, मामा हलदीला मेला. मामा तं अजून पिंपाजवलच हाय. तुम्ही सही केलीव, तुम्हीच धरा."

तिने माझा हात ओढून घेतला, माझी दोन बोटं जुळवली आणि वर दाबली. मग तिचा हात मांडीवर पडला, रिकामा. ती पदर सावरून उठली आणि लाडू खा म्हणून सांगून गेली.

खिडकीतून ऊन येत होतं. माझ्या बोटांपासून खिडकीच्या गजापर्यंत ते ऊन एका रेघेत कापलं गेलं होतं. क्षणभरच. त्या रेघेवरून एक थेंब घरंगळत माझ्याकडे येत होता.

तीन वाजता लूम सुरू झाले. ओढ थांबली नाही. तनवीर आत आला, त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मी त्याला अंबाडीला जायला रिक्षा बघायला सांगितलं, आणि हौसाचा कोयता मागून घेतला, पिंपासाठी. रिक्षा येईपर्यंत दोन कागद लिहिले: पंढरीचा दाखला चुकीचा आहे असं आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र, आणि हा. दोन्ही तनवीरजवळ ठेवतो आहे.

अक्षर लागत नसेल तर माफ करा. दोन्ही डाव्या हाताने लिहिले आहेत. उजव्या हाताची दोन बोटं मला सोडता येत नाहीत.